तांबोशीचं मुंडकं

आमच्या माहेरी एक नियम होता. मासा जो धरेल, मुंडकं त्याच्या ताटात. नियम म्हणून तो चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की मासे धरायची माझी आई, आणि मुंडकं जायचं बाकी सगळ्यांच्या ताटात.

गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत. सुट्टीवर यायचे तेव्हा मुंडकं त्यांना. ते नसताना आजोबांना. आजोबा गेल्यावर चुलत्यांना. माझा धाकटा भाऊ स्वतःच्या हातानं जेवायला लागला, तशी त्याच्याही नावाची पाळी सुरू झाली. ते पोर काट्याला भिऊन रडायचं, तरी त्याच्या ताटात मुंडकं! आणि जिनं मासा आणला ती चुलीपुढं बसून रस्सा वाढायची आणि शेवटी शेपटाकडचा तुकडा घ्यायची, तोही उरला तर.

मी लहानपणीसुद्धा गप्प बसणाऱ्यातली नव्हते. एकदा भर पंगतीत विचारलं, "मासा आईनं धरला, मग मुंडकं आण्णांना कसं?" आण्णा हसले आणि म्हणाले, "गळ कुणाच्या पैशाचा हाय?" सगळे हसले. आजीनं मात्र खरं कारण सांगितलं. "बाईनं मुंडकं खाल्लं की ती तोंडाळ व्हती." मी जन्मात मुंडकं खाल्लं नव्हतं आणि तोंडाळ तर होतेच, तेव्हा त्या कारणात काही दम नव्हता. पण असल्या कारणांना दम लागतच नाही. सांगणारा वयानं मोठा असला की झालं.

आईची मासे धरायची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ती नदीवर धुणं घेऊन जायची. गळाला कणकेची गोळी लावून दोरी पाण्यात सोडायची आणि दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळून धुणं आपटायला लागायची. हात कामात, मासा अंगठ्याला. दोरी ओढली गेली की हातातलं लुगडं दगडावर टाकून ती वाकायची आणि हातावर हात घेत मासा काठाला आणायची. बसून मासे धरायला तिला वेळ कुणी दिला होता? गडीमाणसं काठावर बिड्या ओढत तास न् तास गळ टाकून बसायची, त्याला छंद म्हणायचे. आईचं ते धुण्याबरोबरचं काम. ही रीत तिनं मला शिकवली. माझ्याही अंगठ्यानं वारणेतले पुष्कळ मासे ओळखले आहेत.

आता त्या नदीचं नाव काढलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. उन्हाळा तोंडावर आला की एखाद्या सकाळी पाण्याला काळपट रंग येतो, मळीसारखा वास सुटतो आणि काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडतात. पाणी कुणी सोडलं ते कुणीच सांगत नाही. वरचा गाव खालच्याकडं बोट दाखवतो, खालचा वरच्याकडं. साहेब येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. ती बाटली पुढं कुठं जाते देव जाणे. उरलेसुरले मासे म्हणजे चिलापी, तीही चिखलाच्या चवीची. आईनं नदीवरचा गळ त्याच सुमाराला ठेवून दिला. भांडली नाही, काही नाही. बांबूच्या कांडीला दोरी गुंडाळली आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवली.

मागच्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती भावाच्या घरी सोप्यातल्या खाटेवर असते. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाते, बास. मी सांगलीहून दर पंधरवड्याला जाते. सांगलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, ते बंद ठेवून जाते. थंडीतल्या अशाच एका खेपेला भाऊ म्हणाला की, "आमी मालवणाकडं चाललोय, बोटीतनं समुद्रात गळ टाकायला." आमी म्हणजे तो, माझा नवरा आणि भावाचा एक मित्र. हा मित्र तासगावचा, बेदाण्याचा व्यापारी. मी त्याला मनात बेदाणेवाले म्हणते, इथंही तेच म्हणेन. गाडी त्यांची. नवीन.

"मीबी येते," मी म्हणाले.

"ये की आक्का," भाऊ म्हणाला. "मासं करून घालायला कुणीतरी पायजेच हुतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं खाटेवरून मला हात केला. सगळे बाहेर गेल्यावर तिनं ट्रंक उघडायला लावली. साड्यांच्या खालून ती कांडी काढून माझ्या हातात दिली.

"समुद्राचा मासा आण," आई म्हणाली. "इकत आणू नगंस. तू सवता धरल्याला आण. आन हितं आणून, ह्या घरात, मुंडकं तुज्या ताटात घे. मला बगायचंय."

"मुंडकंच का गं?"

"माजं तर ऱ्हायलं," ती म्हणाली. "कुणीतरी बाईनं खाल्ल्यालं बगू दे की मला एकदा."

माझी आई कधी काही मागत नाही. आजारपणात मोसंबं हवं का विचारलं तरी नको म्हणते. तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती आणल्याशिवाय मी परत येणार नव्हते.

आम्ही शनिवारी निघालो. वाटेत कोल्हापुरात देवीचं दर्शन घेतलं. बेदाणेवाल्यांनी पेढ्यांचा पुडा आणि ओटीचा नारळ पिशवीत घालून पुढच्या काचेखाली ठेवला आणि तिथल्या तिथं कायदा सांगितला. "गाडीत प्रसाद हाय. येताना मासं-बिसं गाडीत घ्यायचं न्हाई. जे काय खायचं ते तिथंच." माझा नवरा म्हणाला, "बराबर." भाऊ म्हणाला, "व्हय व्हय." मासे मारायला पाच तासांचा प्रवास करून निघालेली ही माणसं, आणि मासा गाडीत नको! मी मागच्या सीटवर कांदा-लसूण चटणीचा डबा मांडीवर धरून बसले होते. पर्समध्ये आईची कांडी होती. तेव्हा मी काही बोलले नाही. घाट यायचा होता, गाडी चालवणाऱ्या माणसाशी घाटात भांडू नये.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो. तिथं बोटवाल्यांचा फलक होता. एका बाजूला गळाला लागलेल्या माशाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'पुरुषांसाठी फिशिंग'. दुसऱ्या बाजूला 'फॅमिलीसाठी डॉल्फिन राउंड'. मी तो फलक दोनदा वाचला. अख्खा समुद्र पुढं पसरलेला, आणि त्याचीसुद्धा यांनी गडीमाणसांची पंगत आणि बायकांची पंगत केली होती.

बोटवाला माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. त्यानं मला विचारलं, "वैनी, तुमी डॉल्फिन बघूक जातल्यात काय?"

"मला डॉल्फिन खायचा न्हाई," मी म्हणाले. "मी गळ टाकणार हाय."

तो हसला. माझा नवराही हसला आणि त्याला म्हणाला, "ती आमच्याबरोबरच यिऊ द्या, बसंल सावलीला."

बोटीत तीन रॉड होते. तिघांनी तीन घेतले. चौथा मागितला तर बोटवाल्यानं हात हलवले. नवरा म्हणाला, "अगं, आमी दमलो की घे तू." तोही आण्णांसारखाच फौजेतला. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस गळ टाकून कधी दमणार होता? भावानं माझ्यापुढं कांद्याची पिशवी, सुरी आणि ताट सरकवलं. बोट खडकांच्या एका बेटाजवळ नांगर टाकून थांबणार, मासे मिळाले की स्टोव्हवर तिथंच रस्सा, असा बेत होता. मी छपराखाली बसून कांदे चिरायला लागले आणि मला इतका राग आला की डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की रागाचं ते माझं मलाच कळेना.

भावानं घरून कणीक मळून आणली होती, गूळ आणि हळद घालून. वारणेच्या माणसाला समुद्रावर नेलं तरी तो वारणाच घेऊन जातो. "ह्या गोळीवर आमच्याकडं कटला असा उडी मारून येतोय," तो बोटवाल्याला सांगत होता. बोटवाल्यानं गोळी बोटात धरून बघितली. "ह्या पिठाक मासो येवचो नाय," तो म्हणाला. भावाला ते पटलं नाही. बेदाणेवाल्यांनाही पटलं नाही, कारण बोटवाल्यानं गळाला लावायला आणलेल्या कोळंबीला हात लावायची त्यांना किळस येत होती. तिघांनी गोळ्या लावल्या, गोळ्या खाऱ्या पाण्यात विरघळल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा विरघळल्या. मासे काही येईनात. येतील तरी कशाला? गुळाच्या पाण्याला?

मी पर्स उघडली. कांडीवरची दोरी सोडली. बोटवाल्यानं बघितलं, काही न विचारता आईचा बारका गळ काढला आणि त्या जागी मोठा बांधून दिला. मी त्याच्या डब्यातली एक कोळंबी घेतली, गळाला लावली आणि दोरी कडेनं खाली सोडली. दोरी बुडाला टेकल्यावर थोडी वर घेतली, टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि पुन्हा कांदे चिरायला घेतले.

"आवं हे बगा!" बेदाणेवाले ओरडले. "वैनीसाहेब पायानं मासं धरत्यात!" तिघंही पोट धरून हसले. नवऱ्यानं मोबाईल काढून माझ्या पायाचा फोटो घेतला. हसा म्हटलं. माझी आई असेच धरत होती आणि माझा भाऊ तेच खाऊन मोठा झाला.

तिसरा की चौथा कांदा असेल. दोरीला आधी दोन बारीक टोचण्या आल्या, कुणी खालून हाक मारावी तशा. मी सुरी खाली ठेवली. मग असा हिसका बसला की माझा पाय बोटीच्या कडेपर्यंत फरफटत गेला. ही वारणा नव्हती! दोरी अंगठ्यात रुतली, मी ओरडले, हातानं दोरी पकडली आणि अंगठा कसाबसा सोडवला. नवरा आणि भाऊ दोघंही धावले. "दे हिकडं, दे, तुला न्हाई जमायचं!" भावानं दोरीला हात घातला.

"हात लावशील तर पाण्यात ढकलीन," मी म्हणाले. आणि ढकललंही असतं.

त्यानं हात काढला. बोटवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, पण त्यानं दोरीला बोट लावलं नाही. "सैल सोडा," तो म्हणाला. "मगे ओढा." मी सैल सोडली, मग ओढली. पुन्हा सैल, पुन्हा ओढ. तळहात जळायला लागले. खाली काहीतरी मुंडी हलवून नाही नाही म्हणत होतं आणि मी वरून हो हो म्हणत होते. शेवटी पाण्यात लाल झाक दिसली. बोटवाल्यानं दांड्याची जाळी खाली घातली आणि तो मासा बोटीत येऊन पडला. लाल, जाड, हातभर लांब. "तांबोशी!" बोटवाला म्हणाला आणि त्यानं मला, मला, हात जोडले.

मला फार आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नव्हतं. मी बोटीत बसले आणि लहान पोरीसारखी हसले. अंगठ्यातून रक्त येत होतं, मी समुद्राच्या पाण्यानं पाय धुतला, तो झोंबला आणि मी आणखी हसले.

पाय धुवून मान वर केली तर भाऊ तांबोशी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता आणि बेदाणेवाले त्याचा फोटो काढत होते. मग भावानं बेदाणेवाल्यांचा काढला. मग नवऱ्यानं दोघांच्या मध्ये उभं राहून काढून घेतला. माझा फोटो म्हणाल तर होता, पायाचा. किनारा लागायच्या आत भावाच्या स्टेटसला मासा झळकला होता. खाली लिहिलं होतं, 'आजची शिकार'. गावाकडून अंगठे आणि हार यायला लागले. मी ते वाचलं. मी भावाला म्हणाले, "शिकार कुणाची?" तो म्हणाला, "अगं आक्का, आपल्या सगळ्यांचीच की." मासा लागला की सगळ्यांचा, कांदे मात्र माझे एकटीचे!

बेटाजवळ रस्सा करायचा बेत मी आधीच मोडला होता. मासा घरी जाणार, म्हणून सांगितलं. बोटवाल्यानं थर्माकोलचा डबा आणि बर्फ दिला. डबा घेऊन गाडीपाशी गेले तर बेदाणेवाले दार अडवून उभे. "वैनी, सांगितलं हुतं. गाडीत प्रसाद हाय."

"मग प्रसाद काढा."

"काढून कुठं ठिवू? प्रसाद टाकत्यात व्हय?"

"टाकत न्हाईत. खात्यात." मी हात घालून पुडा काढला आणि गाडीच्या बॉनेटवर उघडला. पहिला पेढा बेदाणेवाल्यांच्या हातावर ठेवला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी खाल्ला. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. भावाला दिले, नवऱ्याला दिले, बोटवाल्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला दिले, किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या बायकांना दिले, मी दोन खाल्ले. ओटीचा नारळ बोटवाल्याच्या हातात दिला, त्यानं तो कपाळाला लावला. पुडा रिकामा झाला. मी तो घडी घालून बेदाणेवाल्यांच्या खिशात ठेवला.

"घरी बायको इचारंल की," ते म्हणाले.

"सांगा, वाटून आलो. देवीला बरं वाटंल."

मासा गाडीत बसला. पाच तास गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी गावात पोचलो. भावाच्या अंगणात चारदोन माणसं स्टेटस बघून आधीच आली होती. "लय मोटा धरलास गड्या!" एकजण भावाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. भावानं मान खाली घालून हसून घेतलं. नाही म्हणाला नाही. मी डबा उचलून सरळ सोप्यात गेले आणि आईच्या खाटेशी झाकण उघडलं. आई माशाकडं बघत राहिली. मग माझ्या पायाकडं बघितलं. अंगठ्याला मी रुमाल बांधला होता. तिनं रुमालावरून हात फिरवला.

वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, मासा केला. आमटी चांगली झाली होती, वास सगळ्या गल्लीत गेला. नेहमीप्रमाणं गडीमाणसांची पंगत आधी बसली. आणि वहिनीनं वाढताना मुंडकं उचललं आणि भावाच्या ताटात घातलं. तिचा तरी काय दोष? तिला स्टेटस माहीत होतं आणि नियम माहीत होता. भावाचा हातही पुढं झाला.

मी उठले आणि त्याच्या ताटातून ते मुंडकं उचललं. रस्सा माझ्या मनगटावरून ओघळला. "धरणाऱ्याचं मुंडकं," मी म्हणाले. "ह्या घराचा नियम हाय. का गळ कुणाच्या पैशाचा ते इचारणार हायस? गळ बोटवाल्याचा. दोरी आईची. अंगठा माजा."

नवरा ताटाकडं बघत होता. बेदाणेवाले दाराजवळ बसले होते, त्यांनी घास तोंडातच ठेवला.

मी सोप्यात आईजवळ बसले. मुंडकं माझ्या ताटात होतं, तिनं मागितलं होतं तसं. ती उशीला टेकून माझ्याकडं बघत होती. माझा हात काही पुढं होईना. मग मी ते तिच्या ताटात ठेवलं.

"माजं न्हवं, तुजं," ती म्हणाली.

"धरायला कुणी शिकवलं? खा."

आईनं ते दोन्ही हातांनी उचललं. हळूहळू फोडलं, गालातलं मांस काढून खाल्लं, हाडं चोखली, डोळ्याभोवतालचं खाल्लं. तिनं घाई केली नाही. आतली पंगत जेवण थांबवून बघत होती. सगळं खाऊन झाल्यावर तिनं हाडं ताटाच्या कडेला लावली आणि त्या ढिगाकडं बराच वेळ बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर असला राग मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"ह्यात तर कायसुदिक न्हाई," ती म्हणाली. "नुसती हाडं हायती."

मग तिनं आत बसलेल्या माझ्या भावाकडं बघितलं.

"ह्येच्यापायी व्हय रं?" ती म्हणाली. "एवड्याश्यापायी?"